दोन विमानतळांमधली पंधरा मिनिटं

भाऊजींचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. उशाशी गजराचं घड्याळ असायचं, पण ते वाजायच्या आधीच भाऊजी त्याची कळ दाबायचे. सव्वीस वर्षांत तो गजर ताईने दोनदाच ऐकला, आणि दोन्ही वेळा भाऊजी तापाने फणफणले होते.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणायचो, म्हणून विमानतळाचं अख्खं मालगोदाम त्यांना भाऊजी म्हणायला लागलं. साहेबसुद्धा. ताई म्हणायची, "एवढे भाऊ मला खरंच असते, तर माहेरी गेल्यावर बसायला जागा मिळाली नसती."

मी त्याच गोदामात हमाल होतो. शेवटची नऊ वर्षं मुकादम. भाऊजी गाडी चालवायचे. आमच्या लहान विमानतळावरून शेजारच्या प्रांतातल्या मोठ्या विमानतळावर माल पोचवायचा आणि परत यायचं, हे त्यांचं काम.

या दोन विमानतळांमध्ये रोज एक विमानही जायचं. सरळ रेषेत एकशे बेचाळीस किलोमीटर, पस्तीस मिनिटं. पण विमान लहान. त्याच्या पोटात प्रवाशांच्या बॅगा मावल्या तरी पुष्कळ. बाकी माल रस्त्याने जायचा. रस्ता एकशे शहाण्णव किलोमीटर, मध्ये एक घाट, घाटात अकरा वळणं. पलीकडे हा माल मोठ्या विमानात चढायचा, म्हणून कंपनीच्या कागदात आमची गाडी हेही विमानच होतं. तिला विमानासारखा क्रमांक होता, सुटायची वेळ होती, उतरायची वेळ होती. पलीकडून कोणी फोनवर विचारलं, "उडालं का तुमचं विमान?" तर आमच्यातला उंट सांगायचा, "उडालं की. फाटकाजवळच्या खड्ड्यात." उंट हे नाव त्याला उंचीमुळे पडलं होतं.

मालात मुख्य म्हणजे कोंबडीची पिल्लं. एका दिवसाची. आमच्या बाजूला उबवणीची केंद्रं होती आणि पिल्लं लांब लांब जायची. पुठ्ठ्याचा भोकं पाडलेला खोका, आत चार कप्पे, एका कप्प्यात पंचवीस पिल्लं. असे रोज एकशे ऐंशी खोके. खोक्याला वजन काहीच नाही. म्हणून नवा हमाल एकावर एक तीन उचलतो, आणि तिथेच त्याची लायकी कळते. तीन उचलले की वरचा तिरका होतो. खोका तिरका झाला की पंचवीसच्या पंचवीस एका कोपऱ्यात जातात आणि खालची दबतात. पिल्लाचं ओझं हाताला लागत नाही, मनगटाला लागतं. तासभर खोका पाण्याच्या परातीसारखा सपाट धरून बघा.

फाटक साडेचारला उघडायचं. त्याआधी कोणालाच आत सोडत नसत. साडेपाचला गाडी सुटायची आणि नऊ चाळीसला पलीकडे माल हातात द्यायची. चार तास दहा मिनिटं. भाऊजी हा आकडा स्वतःच्या वयासारखा सांगायचे. धुकं असो, पाऊस असो, पाच मिनिटं इकडे की तिकडे नाही.

भाऊजींच्या नोकरीला एकोणीस वर्षं झाली तेव्हा पलीकडच्या मोठ्या विमानाची वेळ बदलली. ते चाळीस मिनिटं आधी सुटायला लागणार होतं. म्हणजे आमचा माल नऊच्या आत पोचायला हवा. मुख्य कचेरीतून कागद आला: रस्त्याची वेळ यापुढे साडेतीन तास.

साहेबांनी भाऊजींना बोलावलं. मी दारातच होतो.

"नकाशात तीनच तास दाखवतोय, भाऊजी. कंपनीने अर्धा तास वर दिलाय."

"नकाशाला म्हणावं, एकदा गाडी घेऊन ये."

"चेष्टा नको. एक ठेकेदार साडेतीन तासांत न्यायला तयार आहे. पुढच्या महिन्यापासून त्याला द्यायचं चाललंय."

"देऊ दे."

साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "आणखी एक आहे. घाट उतरल्यावर झाडांखाली तुमची गाडी उभी असते, असं कचेरीत कोणीतरी सांगितलंय. रोज."

"असते."

"कशाला?"

"गरज असते म्हणून."

"लोक म्हणतात, तुम्ही तिथे झोप काढता."

भाऊजींनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "लोक म्हणतात ते लोकांना विचारा," म्हणाले आणि बाहेर आले.

मी त्यांच्या मागे गेलो. भाऊजी एक्कावन्न वर्षांचे. रस्ता हातचा गेला तर कंपनी त्यांना यार्डात ट्रॉल्या ओढायला लावणार, हे ठरलेलं. दिवसभर शंभर पावलांच्या आत पुढे-मागे. या माणसाला ते सोसलं नसतं. आणि काम गेलं असतं ते झोपाळू म्हणून. एकोणीस वर्षांचं नाव त्या एका शब्दात गेलं असतं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. एक खोली आणि स्वयंपाकघर. भाऊजी उंबऱ्यात बसून गाडीच्या पट्ट्याचं बकल तेल घालून मोकळं करत होते. ताई पोळपाट धूत होती. मी तिला गोदामातलं सगळं सांगितलं.

"झोपतात?" ताई म्हणाली. "घरात पलंगावर सहा तास पडतात, तर कूस बदलून बदलून गादी फाडली. तिथे पंधरा मिनिटांत डोळा लागतो? मग मलाही नेऊन सोडा त्या झाडाखाली."

"भाऊजी, मला तरी सांगा," मी म्हणालो. "काय करता तिथे?"

"तू हमाल ना?"

"हो."

"तुझं काम माझ्या गाडीच्या दारापर्यंत. दार लागलं की पुढचं माझं."

मला ते लागलं. बायकोचा भाऊ म्हणून नाही, कामातला माणूस म्हणून. बारा वर्षं मी त्यांची गाडी भरत होतो. ताईने माझ्याकडे बघितलं आणि त्यांना म्हणाली, "अहो, तोंडात मिठाची गुळणी धरून बसू नका. तो तुमच्यासाठीच आलाय."

भाऊजींनी बकल दोनदा उघडून मिटून बघितलं. "घोडामैदान जवळच आहे," ते म्हणाले. "साहेबाला सांग, ज्याने हे वेळापत्रक केलं त्याला माझ्या गाडीत बसव. एकदाच."

मी सांगितलं. साहेब हसले, पण कळवलं. आणि आठवड्याने कचेरीतून खरंच कोणीतरी आलं. वेळापत्रक करणाऱ्या एक बाई. पस्तिशीच्या, पायात साधे बूट, हातात वही आणि खेळाच्या मास्तरांकडे असतं तसलं घड्याळ. साडेचारला फाटक उघडलं तेव्हा त्या आमच्या आधी उभ्या होत्या. मला तेवढ्यानेच बरं वाटलं.

आम्ही गाडी भरली. बाई एका बाजूला उभं राहून बघत होत्या. मग म्हणाल्या, "भरणाऱ्यांपैकी एक जण सोबत हवा." अशी मला जागा मिळाली. भाऊजी स्टिअरिंगवर, मी मध्ये, बाई खिडकीशी.

पहिली तेरा मिनिटं फाटकावरच गेली. पहारेकऱ्याने कागद बघितले, गाडीखाली आरसा फिरवला, पुन्हा कागद बघितले. बाईंनी लिहिलं. फाटकातून बाहेर पडलो तर गाडी डावीकडे वळली.

"हमरस्ता तर उजवीकडे आहे," बाई म्हणाल्या. "तो काय, समोर दिवे दिसताहेत."

"दिसतो," भाऊजी म्हणाले. "मध्ये धावपट्टी आहे. विमान असतो तर ओलांडली असती. कागदावर आहोतच म्हणा."

बाई हसल्या नाहीत, पण पेन्सिल थांबली. धावपट्टीला वळसा घालून हमरस्त्याला लागायला चौदा मिनिटं लागली.

"हे नकाशात नाही," त्या म्हणाल्या.

"नकाशा प्रवाशांच्या दारातून निघतो. पिल्लं त्या दाराने जात नाहीत."

पुढे घाट लागला. भाऊजी गाडी कशी चालवतात ते मी पहिल्यांदाच बघत होतो. वळणाच्या खूप आधी गाडी हळू करायची, वळणात ब्रेकला पाय लावायचा नाही, वळण सुटलं की हलकेच वेग द्यायचा. बाईंची पेन्सिल मांडीवरच्या वहीवर पडली होती. अकरा वळणांत ती पेन्सिल सरकली नाही. मी बघत होतो. बाईही बघत होत्या, हे मला मागाहून कळलं.

घाट उतरल्यावर हवा एकदम गरम झाली. आठ जुनी झाडं रस्त्याच्या कडेला ओळीने उभी होती. भाऊजींनी गाडी सावलीत घेतली, वाऱ्याकडे पाठ करून उभी केली आणि इंजिन बंद केलं. बाईंनी घड्याळाची कळ दाबली.

भाऊजी उतरले. मागची दोन्ही दारं उघडून अडकवली. बाजूच्या झडपा उघडल्या. वारा गाडीतून आरपार जायला लागला. मग ते आत चढले आणि एकेका ओळीजवळ जाऊन खोक्याला कान लावायला लागले. काही खोक्यांवर बोटाने टिचकी मारायचे. काहींची बाजू तळहाताने हलकेच थोपटायचे. पंधरा मिनिटं हेच. चहा नाही, विडी नाही, बसणं नाही.

बाईंनी मला विचारलं, "काय करताहेत?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगायची लाज वाटली.

भाऊजीच आतून म्हणाले, "या. कान लावा."

आम्ही दोघं चढलो. बाईंनी एका खोक्याला कान लावला.

"काय ऐकू येतं?"

"चिवचिव."

"बारीक आहे की टोचरी?"

बाईंनी पुन्हा ऐकलं. "टोचरी."

भाऊजींनी त्या खोक्याच्या कोपऱ्यावर टिचक्या मारल्या, दुसरी बाजू थोपटली. "घाटात कितीही जपून आणलं तरी थोडी एका कोपऱ्यात जातात. त्यात इथे गरम होतं. खालच्यांना श्वास मिळत नाही. टिचकी मारली की पांगतात. वारा लागला की बसतात. आवाज बारीक झाला की निघायचं. मी घड्याळ बघत नाही. पंधराच मिनिटं लागतात."

बाईंनी जरा वेळाने परत कान लावला. आवाज खरंच खाली बसला होता.

"हे कोणी शिकवलं?"

भाऊजींनी दार अर्धं लावलं आणि हात तसाच ठेवला. "पहिल्या वर्षी मी थांबत नव्हतो. एका उन्हाळ्यात गाडी तीन तास पन्नास मिनिटांत नेली. पाठ थोपटतील म्हणून मीच पुढे होऊन दार उघडलं. बावीस खोक्यांच्या कोपऱ्यांत पिल्लं एकावर एक पडली होती. त्या लोकांनी पावतीवर 'वाटेत मेली' असं लिहिलं आणि विषय संपला. मला कोणी एक शब्द बोललं नाही. खोके मी रिकामे केले. त्या दिवसापासून कानाला खडा."

"मग हे कंपनीला सांगितलं का नाही? नियमात हे कुठेच नाही. अठरा वर्षं तुम्ही हा थांबा रस्त्याच्या वेळेत लपवलात. म्हणूनच सगळ्यांना वाटलं की तुम्ही झोपता."

"सांगितलं असतं तर कोणीतरी 'नको' म्हणालं असतं. न विचारलेल्या कामाला नकार मिळत नाही."

"पण न सांगितलेलं काम पहिल्यांदा कापलं जातं," बाई म्हणाल्या. "मीच कापलं. मला दिसलंच नाही."

भाऊजींनी आम्हाला खाली उतरू दिलं आणि दार पूर्ण लावलं.

मोठ्या विमानतळावर पोचलो तर माल उतरवायचा धक्का अडलेला. पुढे दुसरी गाडी. माल वजनकाट्यावर चढून सही मिळेपर्यंत तेहतीस मिनिटं गेली. घड्याळात नऊ चाळीस. चार तास दहा मिनिटं, जशीच्या तशी.

तिथल्या चहाच्या टेबलावर बाईंनी वही उघडून दोघांच्या मध्ये ठेवली.

"हमरस्ता आणि घाट, दोन तास पंचावन्न. हे कमी होईल?"

"नाही."

"थांबा, पंधरा."

"तोही नाही. ती पंधरा मिनिटं माझी असती तर दिली असती. ती पिल्लांची आहेत."

"मला चाळीस मिनिटं हवीत. विमान तुमच्या-माझ्यासाठी थांबणार नाही. कुठून आणू?"

भाऊजींनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे वळले. या माणसाने आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"तू किती देतोस?"

मी विचार केला नाही. "पंचवीस," म्हणालो.

बोलून गेलो आणि मग हिशेब केला. तासाभराचं काम पस्तीस मिनिटांत. माणसं तीच चार.

दुसऱ्या दिवशी उंट म्हणाला, "सोपं आहे. तीन-तीन खोके उचलू."

"उचल. मग तूच भाऊजींबरोबर जा आणि घाटाखाली कान लाव."

"बरं, मग शहाणपण तू सांग."

"उंटावर बसल्याशिवाय कसं सांगू?"

तो हसला, पण कामाला लागला. आम्ही आधी बघितलं की वेळ जातो कुठे. तपासणीच्या टेबलापासून गाडीच्या दारापर्यंत एकतीस पावलं होती. टेबल तिथे का होतं, कोणालाच माहीत नव्हतं. ते उचलून नऊ पावलांवर आणलं. मग असं दिसलं की चौघेही खोका घेऊन गाडीत चढायचे, ठेवायचे, उतरायचे, आणि फळीवर एकमेकांना अडवायचे. चारपैकी दोघं कायम कोणाची तरी वाट बघत उभे असायचे, घाम मात्र चौघांना यायचा. इतकी वर्षं मी त्या घामालाच काम समजत होतो. मुकादम मी होतो. चूक माझी.

आता एक जण आतच राहिला. तो रचणार. दुसरा दारात, तो खोका घेऊन आत देणार. दोघं टेबलापासून दारापर्यंत. खोका एकच, दोन्ही हातांत, सपाट. ओळींमध्ये चार बोटांची फट, वाऱ्यासाठी. पळायचं नाही. पळणारा माणूस खोका तिरका करतो आणि दहाव्या मिनिटाला दमतो. पहिल्या दिवशी त्रेचाळीस मिनिटं लागली, चौथ्या दिवशी अडतीस. तिथे गाडं अडलं. मग उंटच म्हणाला, आत रचायला मला ठेवा, वरच्या ओळीला मला स्टूल लागत नाही. नवव्या दिवशी चौतीस.

फाटकावरचा पहारेकरी आम्ही गाडी भरत असतानाच आरसा घेऊन यायला लागला. ते बाईंनी वरून करून घेतलं. आठ मिनिटं वाचली. मोठ्या विमानतळावर फोन करून त्यांनी धक्का राखून ठेवायला लावला. तिथे दहा वाचली.

महिन्याच्या पहिल्या तारखेला ठेकेदाराची गाडी आली नाही. भाऊजींची पाच वाजून पाच मिनिटांनी सुटली. घाटात तीच अकरा वळणं, तोच वेग. झाडांखाली पंधरा मिनिटं. आठ सत्तावन्नला पलीकडून फोन आला. उंटाने उचलला. "उतरलं," तो म्हणाला. "तीन मिनिटं शिल्लक."

नवं वेळापत्रक छापून आलं तेव्हा साहेबांनी ते भाऊजींच्या हातात दिलं. सुटायची वेळ आणि पोचायची वेळ यांच्यामध्ये एक नवी ओळ होती: थांबा, पिल्लांसाठी, पंधरा मिनिटं. खाली बाईंची सही.

"आता हे कोणी काढायचं म्हटलं तर कारण लिहावं लागेल," साहेब म्हणाले.

भाऊजींनी ते घरी आणलं आणि ताईला दाखवलं. ताई म्हणाली, "झोपेला सरकारी शिक्का मिळवणारा पहिला माणूस." मग तिने तो कागद नीट घडी करून कपाटात ठेवला.

भाऊजींनी आणखी सात वर्षं तो रस्ता केला. शेवटच्या वर्षी हमरस्ता रुंद झाला आणि ती आठही झाडं गेली. गाडी मग उन्हात उभी राहायची. भाऊजी ओल्या गोणपाटाने झडपा झाकायचे, पण त्यांचं समाधान व्हायचं नाही. वेळापत्रकात थांबा होता, जागेवर सावली नव्हती.

ते निवृत्त झाले, त्याच वर्षी मीही. घाटाखाली, जिथे झाडं होती त्याच्या लगत, जमिनीची एक पट्टी पडून होती. सगळे दगड. कोणी घेत नव्हतं. ती भाऊजींनी घेतली. आम्हाला वाटलं, म्हातारपणी घर बांधणार. ताईलाही तसंच वाटलं.

दगड आम्ही दोघांनी काढले. सव्वा महिना लागला. खांबांचे खड्डे मी मोजून कंबरेइतके खोल खणले. भाऊजी म्हणाले गुडघाभर पुरेत. मी म्हणालो, दारापर्यंतचं काम माझं. त्यांनी माती उपसायला घमेलं उचललं. वर पत्र्याचं छप्पर चढलं. मालाची गाडी दारं उघडून आत मावेल इतकं उंच, आणि तोंड वाऱ्याकडे.

ताई पहिल्यांदा बघायला आली तेव्हा पदर कमरेला खोचून छपराखाली इकडून तिकडे चालली.

"स्वयंपाकघर कुठे आहे?"

"मागे होईल," भाऊजी म्हणाले. "पुढच्या वर्षी."

"लोक आधी घर बांधतात, मग पडवी. तुम्ही आधी परक्या गाड्यांना सावली केलीत."

"परक्या नाहीत. त्याच क्रमांकाची गाडी आहे."

पुढच्या वर्षी मागे दोन खोल्या झाल्या. भाऊजींच्या जागी आलेला चालक रोज सकाळी तिथे गाडी लावतो, दारं उघडतो. भाऊजी आत चढून कान लावतात. डोक्यावरून ते लहान विमान जातं, त्याची अर्धी वाट तिथे संपते. ताई चालकाला चहा देते आणि पंधरा मिनिटं झाली की हाकलते.

सव्वीस वर्षांच्या पगारातून भाऊजींनी एवढंच केलं: दोन खोल्या आणि एक छप्पर. छप्पर खोल्यांपेक्षा मोठं आहे.